गिरणी बंद झाली की विमाही बंद? बाबासाहेब, आडारकर समिती आणि सोलापूरचा धडा

दरवर्षी १४ एप्रिल आणि १ मे जवळ आले की आपल्या मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो. "ईएसआय ही बाबासाहेबांची देणगी आहे." संदेश चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या अपुरेपणामुळे आपल्या कार्यकर्त्यांची एका महत्त्वाच्या वादात अडचण होते. वाद असा: आजारपणाचे संरक्षण माणसाला कामगार म्हणून, मालकाच्या हजेरीपटावरून मिळावे, की नागरिक म्हणून सरकारकडून मिळावे? काम असते तोपर्यंत हा प्रश्न पुस्तकी वाटतो. काम गेले की तो घरातल्या औषधाच्या बाटलीपर्यंत येऊन पोचतो.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. सीएमआयई या संस्थेच्या अंदाजानुसार एकट्या एप्रिल महिन्यात देशात सुमारे १२ कोटी २० लाख लोकांचा रोजगार गेला. सोलापुरात यंत्रमागाची खडखड थांबली आणि बिडीची पाने व तंबाखू घरी येणे थांबले. महामारीच्या ऐन काळात, दवाखान्याची गरज सर्वांत जास्त असताना, मालकाच्या दारातून येणारे संरक्षण सर्वांत आधी संपले. हे अचानक घडलेले नाही. त्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि सोलापूरने त्याचा प्रत्येक टप्पा भोगला आहे.

१९२८: भार कोणी उचलायचा?

सुरुवात १९४२ पासून करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात गिरण्यांतल्या स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. त्यापुढे ते जे म्हणाले ते आजच्या वादाला थेट लागू पडते. लोकांचे कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी असल्यामुळे हा भार मोठ्या प्रमाणात सरकारनेच उचलायला हवा, हे त्यांनी तत्त्व म्हणून मान्य केले. मात्र सरकार तो उचलत नाही तोवर, ज्या मालकाला त्या बाईच्या श्रमातून नफा मिळतो त्याला हात झटकता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला.

यातला क्रम लक्षात घ्या. पहिली जबाबदारी सरकारची. मालकाची जबाबदारी ही त्याने घेतलेल्या नफ्याची किंमत. मालकाने दिले म्हणजे सरकार सुटले, असे बाबासाहेब कुठेही म्हणत नाहीत.

१९४२: एकाच वर्षी तीन वाटा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तीन देशांनी या प्रश्नावर तीन वाटा धरल्या. १९४२ मध्ये अमेरिकेने युद्धकाळातील पगारवाढीवर बंधने घातली. कामगार टिकवण्यासाठी कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्य विमा देऊ केला, आणि तिथला विमा नोकरीला जोडला गेला तो आजतागायत. एप्रिल २०२० या एका महिन्यात तिथे दोन कोटींहून अधिक नोकऱ्या गेल्या तेव्हा असंख्य कुटुंबांच्या विम्यावरही संकट आले. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात हे झाले.

त्याच १९४२ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातून पुढे ५ जुलै १९४८ रोजी तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ती मुख्यतः करातून चालते. तिथे दवाखान्यात जाताना कोणी विचारत नाही की तुझा मालक कोण.

आणि त्याच १९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. मार्च १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम अर्थतज्ज्ञ प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू अशा तीन उद्योगांतल्या कायम कारखान्यांपासून सुरुवात करावी, मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरावी, त्यातून औषधोपचार आणि आजारपणात रोख रक्कम मिळावी, अशी ही योजना होती.

याच काळात दुसरी एक समिती काम करत होती. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणाही माणसाला उपचार नाकारले जाऊ नयेत, हा तिचा पाया होता. आरोग्य सेवा सरकारने चालवावी, ती खेड्यापर्यंत जावी आणि तिचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, असा तिचा आराखडा होता.

म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशापुढे दोन कागद होते. आडारकरांचा कागद कारखान्यातल्या कामगारासाठी, भोर समितीचा सगळ्यांसाठी. पहिल्याचा कायदा झाला. दुसऱ्यातून प्राथमिक आरोग्य केंद्रांची उभारणी झाली खरी, पण नागरिकाला कायदेशीर हक्क मिळाला नाही. दोन्ही कागद एकमेकांना पूरक होते. आपल्या राज्यकर्त्यांनी एक अर्धा राबवला आणि दुसऱ्याला निधीवाचून ताटकळत ठेवले.

इतिहास सांगताना तपशील चोख हवा, नाहीतर विरोधक एका चुकीवरून सगळा मुद्दा उडवतात. विमा योजनेचे विधेयक १९४६ च्या अखेरीस मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले गेले तेव्हा मजूर खाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे आले होते. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला तेव्हा बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. पाया बाबासाहेबांच्या खात्यात घातला गेला, हे निर्विवाद आहे. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना प्रत्यक्ष सुरू झाली.

कारखान्याच्या दाराबाहेर कोण उभे होते?

मूळ कायदा वीज वापरणाऱ्या, २० किंवा अधिक कामगार असलेल्या बारमाही कारखान्यांपुरता होता. वरवर ही अट जातनिरपेक्ष दिसते. पण कारखान्याच्या आत कोणाला प्रवेश होता आणि कोणत्या खात्यात, हा प्रश्न विचारला की जात दिसू लागते.

मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार चांगला होता आणि तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय, तर कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्यातून काढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि तो मागण्यांत घेण्यास भाग पाडले. चांगल्या नोकरीचे दार जातीने राखलेले असेल, तर त्या नोकरीला जोडलेला विमाही जातीनेच वाटला जाणार, हे सांगायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही. मैला वाहणारा, चामडे कमावणारा, रोजाने शेतात राबणारा, हे सारे कारखाना या व्याख्येच्या बाहेर राहिले.

सोलापुरात याची आणखी एक बाजू होती. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इथे तारेच्या कुंपणात ठेवले होते. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. त्या कुंपणातल्या माणसांचे हात इथल्या गिरण्यांना स्वस्तात मिळाले. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणजे ज्या वर्षी देशात कामगार विमा सुरू झाला, त्याच वर्षी इथल्या काही कामगारांना कायद्याने माणूस म्हणून मोकळे केले गेले. विम्याच्या रांगेत दोघे एकाच जागी उभे होते, असे कोणी म्हणू शकेल का?

१९४९: जुनी मिल आणि एका नोटिशीची ताकद

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ ची. तिच्याच मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर गिरणगाव झाले. ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनाने जुनी मिल बंद केली. हजारो घरांची चूल एका नोटिशीने थंडावली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला आणि नंतर त्याचा कायदा केला.

त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी यांचा खटला १९५० चा आणि द्वारकादास श्रीनिवास यांचा १९५३ चा. घटनेचा अभ्यास करणारे विद्यार्थी आजही हे निकाल वाचतात. पण त्या खटल्यांत प्रश्न कोणता होता? भागधारकाच्या मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा. गिरणी बंद पडल्यावर ज्या कामगाराच्या घरात क्षयाचा रोगी होता, त्याच्या हक्काचा खटला कोणत्याच न्यायालयात उभा राहिला नाही. कारण तसा हक्कच लिहिलेला नव्हता.

बाबासाहेबांना हे आधीच दिसले होते. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विचारले की बेकार माणसाला मूलभूत हक्कांचा उपयोग काय? पोटासाठी त्याला संघटना करण्याचा, बोलण्याचा हक्क मालकाच्या पायाशी ठेवावा लागतो. राज्याचा हस्तक्षेप कमी केला म्हणजे स्वातंत्र्य वाढते असे नाही, त्या मोकळ्या जागेत मालकाची हुकूमशाही येते, असे त्यांचे म्हणणे होते. याच निवेदनात विमा व्यवसाय राज्याच्या मक्तेदारीत असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी तरतूद त्यांनी सुचवली. ती आयुर्विम्याची होती, आरोग्य विम्याची नव्हे. तरी तिचे एकक पाहा. तिथे कारखान्याच्या कामगाराऐवजी प्रत्येक प्रौढ नागरिक आहे.

आता हा विचार आजारपणाला लावा. ज्याच्या मुलीचे डायलिसिस नोकरीला जोडलेल्या विम्यावर चालते, तो कामगार जातीवाचक शिवी ऐकून तक्रार करील का? युनियनच्या सभेला जाईल का? मालकाच्या हातात पगाराबरोबर मुलीचा श्वासही दिला, तर त्या माणसाचा आवाज आपणच काढून घेतला असे होते. म्हणून आमच्या लेखी हा प्रश्न आरोग्याइतकाच स्वाभिमानाचा आहे.

यंत्रमाग आणि बिडी: हजेरीपटच नाही, तर विमा कुठला?

पुढे सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कायद्यात काय होते ते बघा. वयोमानाने निवृत्त झालेल्या विमाधारकाला वर्षाला १२० रुपये भरून औषधोपचार चालू ठेवता येतो. पण गिरणी बंद पडून बेकार झालेल्यासाठी बेकारी भत्त्याची योजना यायला २००५ साल उजाडले. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना त्या वर्षी आली. गिरणगावांची वाताहत होऊन गेल्यावर.

गिरणीतला कामगार कुठे गेला? बराचसा यंत्रमागाच्या शेडमध्ये. चादर आणि टॉवेल तेच, माग वेगळा, मालक वेगळा. आज ईएसआयसाठी १० कामगारांची अट आहे आणि पगाराची मर्यादा २१,००० रुपये. एकाच छताखालची शेड कागदावर दोन-तीन नावांनी दाखवून आकडा दहाच्या खाली ठेवायचा, ही यंत्रमाग कामगारांची जुनी तक्रार आहे. विमा मालकाच्या हजेरीपटावर अवलंबून ठेवला की हजेरीपट छोटा ठेवण्यात मालकाचा फायदा होतो. यात एखाद्या मालकाचा स्वभाव शोधत बसू नये. रचनाच त्याला तसे करायला बक्षीस देते.

बिडी कामगार बाई तर घरीच बसून बिड्या वळते. तिचे घर हाच कारखाना, पण कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही. तिच्यासाठी १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधी कायदा झाला. बिडीवर उपकर लावून त्यातून दवाखाने, घरकुल, मुलांची शिष्यवृत्ती असा खर्च होई. सोलापूरच्या बायकांनी लढून या शहराजवळ कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळवली. २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. संघटित झाल्यावर काय होते याचा हा जिवंत पुरावा आहे. पण २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकरच रद्द झाला. हक्काच्या निधीची जागा अर्थसंकल्पातल्या तरतुदीने घेतली. दवाखाना आहे की नाही, डॉक्टर येतो की नाही, हे आता दिल्लीच्या मर्जीवर.

२०२०: छत्री पावसातच मिटली

टाळेबंदीत ईएसआयचे काय झाले? योजनेचे गणित असे चालते: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड, आणि त्यानंतर ठराविक महिन्यांचा लाभाचा कालखंड. आजारपणाच्या रोख लाभासाठी एका वर्गणी कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. म्हणजे काम गेल्यावर काही महिने आधार राहतो, पण वर्गणी थांबल्यावर घड्याळ उलटे चालू होते. बदली, कंत्राटी आणि नव्याने लागलेल्या कामगाराचे ७८ दिवसच भरत नाहीत.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकार विमाधारकाला पगाराच्या २५ टक्के रक्कम मिळत असे. २०२० मध्ये ती ५० टक्के केली, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. चांगलेच झाले. पण ती मिळाली कोणाला? ज्याचे नाव आधीच नोंदलेले होते त्याला. यंत्रमागावरचा नोंद नसलेला कामगार आणि घरी बिडी वळणारी बाई या हिशेबात कुठेच नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २०१९ मध्ये, ईएसआयची एकूण वर्गणी ६.५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणली गेली होती. मालकाचा वाटा ४.७५ वरून ३.२५ झाला. कामगाराचाही वाटा कमी झाला हे खरे, पण सर्वांत मोठी सूट मालकाला मिळाली.

मग सरकारी विमा पुरे आहे का?

इथे काही मित्र म्हणतील, आता महात्मा फुलेंच्या नावाची जन आरोग्य योजना आहे ना! आहे, आणि तिचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती ८ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होते. २०१७ मध्ये तिला जोतीरावांचे नाव दिले. मे २०२० मध्ये, महामारीच्या काळात, ती राज्यातल्या सर्व रहिवाशांना लागू केली. पुढे संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. सरकारने मनात आणले तर नोकरी न विचारता सर्वांना संरक्षण देता येते, हे याच योजनेने सिद्ध केले.

पण ती काय देत नाही तेही पाहा. ती मुख्यतः दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. मधुमेहाची रोजची गोळी, बिडीच्या धुळीने लागलेला खोकला, बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, यांचा खर्च घरचाच. आजारपणात बुडालेला रोज ती देत नाही. ईएसआय तो देते: वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, आणि क्षयासारख्या दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. आजारी मजुराला औषधाबरोबर भाकरीही लागते, हे आडारकरांच्या योजनेला कळत होते. शिवाय ईएसआयने स्वतःचे दवाखाने आणि रुग्णालये उभी केली. पॅकेजवर चालणाऱ्या विम्यातला बराच पैसा खासगी रुग्णालयांकडे जातो आणि आपले सिव्हिल मात्र खाटा आणि औषधांसाठी झगडत राहते.

म्हणून सरकारी विमा की मालकाचा विमा, असा प्रश्न मांडला की आपण अर्धी लढाई हरतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये सरकारांचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्य खर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्के खर्चाचे वचन दिले होते. पैसा कुठून आणायचा, असे विचारणाऱ्यांना आधी त्या वचनाबद्दल विचारा.

मग मागायचे काय?

आमची भूमिका स्पष्ट आहे. ईएसआय मोडू देऊ नका. ती मोडण्याची भाषा करणारे बहुतेक वेळा मालकाची वर्गणी वाचवायला निघालेले असतात. मात्र ती जशी आहे तशी पुजूही नका. १९२८ च्या क्रमाकडे परत चला: जबाबदारी सरकारची, आणि नफा घेणाऱ्याकडून त्याची किंमत वसूल.

पहिले, उपचाराचा हक्क नागरिकत्वाला जोडा. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. महाराष्ट्राने त्याहून पक्का कायदा करावा, ज्यात बाह्यरुग्ण उपचार आणि रोजची औषधेही येतील. दुसरे, काम गेल्यावर ईएसआयचा औषधोपचार पुढचे काम मिळेपर्यंत चालू राहिला पाहिजे. वर्गणी सरकारने भरावी. तिसरे, १० कामगारांची अट काढा. एक माग असो की शंभर, वर्गणी उत्पादनावर घ्या, म्हणजे शेड कागदावर तोडून काही साधणार नाही. बिडीच्या उपकराने हे करता येते हे चाळीस वर्षे दाखवले होते. चौथे, आजारपणात बुडालेल्या रोजाची भरपाई घरी काम करणाऱ्या बाईलाही मिळाली पाहिजे.

यातले काही नवे नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ४१ बेकारी, म्हातारपण आणि आजारपण यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काविषयी बोलतो. बेकारी आणि आजारपण हे दोन शब्द एकाच वाक्यात शेजारी आहेत. आपली धोरणे मात्र एक संकट आले की दुसऱ्याचे संरक्षण काढून घेतात.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले होते. सरकार करील म्हणून त्यांनी वाट पाहिली नाही, आणि आपण केले म्हणून सरकारला सोडलेही नाही. आपल्या वस्तीत हेच करा. कोणाच्या पगारातून ईएसआयची कपात होते आणि ती खरोखर भरली जाते का, कोणाकडे बिडी कामगाराचे ओळखपत्र आहे, कोणाला जन आरोग्य योजनेत रुग्णालयाने परत पाठवले, याची घरोघरी यादी करा. ती यादी घेऊन कामगार आयुक्तांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आमदारांकडे जा. संदेश पुढे पाठवल्याने दवाखान्याचे दार उघडत नाही. नावानिशी लिहिलेली यादी समोर ठेवली की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

जय भीम!